तलवारीची अक्षरं

नळदुर्गात दुकानाचं उद्घाटन असो, पोराचं बारसं असो, नाहीतर वॉर्डातल्या कुणा भाऊंचा वाढदिवस, फ्लेक्सवरची अक्षरं ठरलेली. किल्ल्याच्या जमान्यातली वाटावीत अशी. वेलांट्या उगारलेल्या, मात्रांना भाल्याची टोकं, पिवळ्यावर लालभडक रंग आणि वर सोनेरी चमक. सगळे त्याला तलवारीचा फॉन्ट म्हणायचे. शिवप्रियाला तो दिसला की तिचं डोकं उठायचं. भज्याच्या गाड्यावर तलवारी कशाला, बाबा?

पण आईच्या फ्लेक्सवर तोच येईल, असं काही तिच्या मनात आलं नव्हतं.

तिची आई गंगम्मा, आसपासच्या वाड्यातांड्यांची सुईण. दवाखाने जवळ आले तरी बाया आधी हिच्याकडं यायच्या. ती गेली ती अचानक, आणि संध्याकाळच्या आत माती झालीसुद्धा. वाड्यांवर कुणाला कळलंच नाही. "मी गेल्यावर माझ्या पोरी येतील बघ," असं गंगम्मा कायम म्हणायची. पोरी म्हणजे त्या सगळ्या बाळंतिणी, आता आज्या झालेल्या. त्या निदान अकराव्या दिवशी आराधनेच्या जेवणाला तरी याव्यात, एवढीच सोलापूरहून माहेरी आलेल्या शिवप्रियाची तळमळ होती.

म्हणून तिनंच धाकट्या भावाला, सिद्धारामला सांगितलं की आठवडी बाजाराच्या तोंडाशी फ्लेक्स लाव. त्या बायांना वाचता येत नाही, पण मयताचा बोर्ड त्या लांबून ओळखतात. पांढरा कागद, काळी साधी अक्षरं, हार घातलेला फोटो. तो दिसला की त्या थांबतात, कुणालातरी विचारतात. हे सगळं तिनं महालिंगप्पाच्या फ्लेक्सच्या दुकानात बसून दोघांना घसा कोरडा पडेस्तोवर समजावलं. महालिंगप्पाचं काय, गिऱ्हाईक म्हणेल त्याला तो मान डोलवायचा. सिद्धाराम मात्र ऐकेना.

"अक्का, गावातल्या टिनपाट पोरांना तलवारी लागतात, आन् माझ्या आईला साधं लावू व्हय? ती काय हलकी बाई होती?"

त्याचे डोळे भरले होते. त्यामुळं शिवप्रियाला जास्त बोलता आलं नाही. तरी निघताना तिनं बजावलं, आणि तो हो म्हणाला.

हो म्हणाला, कप्पाळ! बाजाराच्या दिवशी ती पिशवी घेऊन निघाली तर बाजाराच्या तोंडाशीच्या चौकात आई झळकत होती. लाल तलवारी, सोनेरी चमक, पाठीमागं किल्ल्याचा बुरूज. फोटो भाचीच्या लग्नातला, खळखळून हसणारा, हार नाही. खाली सिद्धारामचे सगळे दोस्त हात जोडून, गॉगलसकट. 'लिंगैक्य गंगम्मा' हे मयताचे शब्द आणि आराधनेचा दिवस, सगळं त्याच तलवारीत. शिवप्रियाच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन तिनं भावाला नको नको ते सुनावलं, आत्ताच्या आत्ता उतरव म्हणाली. तो म्हणाला, लोक नाव काढायला लागलेत, तुलाच मेलीला चांगलं बघवत नाही. दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत.

आराधनेला सिद्धारामचे दोस्त आले, दोन पुढारी आले, भाऊबंद जेवले. हुग्गीच्या खिरीचं पातेलं अर्धं तसंच राहिलं. वाड्यांवरची एकही बाई आली नाही. शिवप्रिया दिवसभर दाराकडं बघत होती आणि मनातल्या मनात भावाला शिव्या देत होती. आईच्या पोरी आईला विसरल्या, हे तिला खरं वाटेना, आणि दुसरं काय म्हणावं तेही कळेना.

पुढच्या बाजाराच्या दिवशी लक्ष्मीबाई आली. लांबच्या वाडीवरची, पाठीत वाकलेली. तिची तिन्ही बाळंतपणं गंगम्मानं केलेली. ओटीत नारळ, खण आणि घरचा मोगऱ्याचा गजरा. चेहरा नुसता फुललेला. सिद्धाराम दारातच उभा होता.

"मागल्या बाजारी बोर्ड बघिटला," ती म्हणाली. "आमी समद्या उभ्या ऱ्हायलो. म्हणलं, आमच्या गंगम्माचा बी वाडदिवस करायलेत की पोरं! लई खूश झालो बगा. मोकळ्या हातानं कसं यावं, म्हून आज आले. कुठं हाय ती?"

सिद्धाराम भिंतीला टेकला आणि खाली बसला.

"निजली आसंल तर उठवू नगा, म्या बसते," असं म्हणून लक्ष्मीबाई ओट्यावर टेकली.

आठवडाभर शिवप्रियानं भावाला ऐकवायला काय काय जमवून ठेवलं होतं. त्यातलं एकही तिला आठवेना. ती म्हातारीजवळ बसली, तिचा हात हातात घेतला आणि आई गेल्याचं सांगितलं. कधी गेली, कशी गेली, बोर्ड कशाचा होता, तेही सांगितलं.

लक्ष्मीबाई खालच्या आवाजात म्हणाली, "म्हंजे तिच्या मयताच्या बोर्डापुढं उभं ऱ्हाऊन आमी हसलो व्हय गं?"