तिरके आटे

डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, आणि सिस्टरच्या हाताने तिला न विचारताच चावी फिरवून इंजिन बंद केलं. गाडी अर्ध्या चढावर होती. मागच्या टेम्पोवाल्याने तर हॉर्नवर हातच ठेवला होता. एकदम जड झालेलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढत तिने गाडी मागच्या मागे कडेला उतरवली, हँडब्रेक खेचला, आणि मग तिला दरदरून घाम फुटला.

टेम्पोवाला तरातरा खाली उतरला. चार शब्द सुनावायची त्याची पुरती तयारी होती, पण काचेतून पांढरा गणवेश दिसला तसा तो वरमला.

"सिस्टर, तुम्ही होय! काय झालं?"

"ऑइलचा दिवा लागला एकदम."

त्याने वाकून गाडीखाली पाहिलं. "लागेल नाही तर काय! सगळं ऑइल रस्त्यावर आहे. ते बघा, खालच्या वळणापासून रेघ ओढत आलाय तुम्ही."

खरंच, चढावर मागे एक काळीभोर, चकचकीत रेघ होती. सिस्टरने चाकांमागे दगड लावले, टेम्पोवाल्याला रेघेवर माती टाकायला लावली आणि मागच्या सीटवरची पिशवी उचलून उरलेला चढ पायी चढायला लागली. टेकडीवरची जी माणसं खाली दवाखान्यात उतरू शकत नव्हती, त्यांच्याकडे जाणं हे तिचं काम. जखमा धुवायच्या, इंजेक्शनं द्यायची, लघवीच्या नळ्या बदलायच्या. ड्रेसिंगला उशीर झाला की वरचे आजोबा दिवसभर तोंड फुगवून बसत.

"आज पायी?" आजोबांनी विचारलं.

"गाडी रुसली."

"तुझ्यासारखीच म्हातारी झाली ती," आजोबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले. सिस्टरने पट्टी नेहमीपेक्षा जरा घट्टच आवळली. मग वाईट वाटून सोडून पुन्हा बांधली.

तिथूनच तिने वस्तादला फोन केला. उतारावर गॅरेज चालवणारा हा धिप्पाड माणूस बोलायला काटकसरी होता. दुपारी ती गॅरेजात पोचली, तेव्हा तिची गाडी जॅकवर चढलेली होती आणि वस्ताद पाण्याच्या डब्यात हात धूत होता.

"इंजिन वाचलं," तो म्हणाला. "आणखी थोडी रेटली असती तर जाम झालं असतं. वेळेत बंद केलंत."

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. "दादानं शिकवलंय. लाल दिवा लागला की आधी बंद, विचार मागाहून."

वस्तादने फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू तिच्या तळहातावर ठेवली. गाडीच्या ऑइलच्या चेंबरला तळाशी जो बोल्ट असतो, ऑइल बदलताना काढायचा, तो ड्रेन प्लग. पण हा कंपनीचा साधा लोखंडी बोल्ट नव्हता. पितळेचा होता, आणि त्याला एक चिमुकली कळ होती.

तिने तो ओळखला. दादाने तो हौसेने मागवला होता. डबी फोडून तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवत म्हणाला होता, "चिमे, आता पाना नको, झटापट नको. कळ फिरवली की ऑइल खाली. बसवायचा एकदाच." नातवाला खेळणं दाखवावं तसा त्याचा चेहरा होता. तो बसवायला गेला, तो बराच वेळ गाडीखालीच होता. चहासाठी तिने दोनदा हाक मारली तर "आलो म्हटलं ना!" असा वसकन ओरडला. तिला तेव्हा नवल वाटलं होतं. दादा ओरडणारा माणूस नव्हता.

"माल हलकाच आहे," वस्ताद म्हणाला. "पितळ मऊ, वायसरची चकती कागदासारखी. असले मी लोकांना लावूच देत नाही. पण सिस्टर, हे बघा."

त्याने नखाने आटे दाखवले. निम्मे आटे तिरके चिरडून सपाट झाले होते.

"तिरका बसलाय हा. बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा असतो. तिरका जायला लागला की बोटांना लगेच कळतं, मग मागे घेऊन पुन्हा लावायचा. हा तसाच पान्यानं दाबून बसवलाय. चेंबरचे आटेही खराब केले त्यानं. हादरे बसून बसून आज निसटला." त्याने नख विजारीला पुसलं. "तुमचा भाऊ असं काम करणारा माणूस नाही. म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगावं."

सिस्टरने प्लग फडक्यात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

"वस्ताद, दादा विचारेल. प्लगच वाईट निघाला म्हणून सांगा."

"वाईट आहेच तो."

"म्हणजे खोटं नाही."

"अर्धं नाही," वस्ताद म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

दादा तिच्यापेक्षा मोठा. नोकरीभर पाणीखात्यात नकाशे काढत होता. कुठल्या रस्त्याखालून कुठली नळी जाते ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. वहिनी गेल्यावर तो बहिणीकडे राहायला आला आणि निवृत्त झाल्यावर तिचा ड्रायव्हर झाला. ती आत जखमा धुवायची, तो बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचा. टेकडीवरचे लोक दोघांना मिळून 'सिस्टर आणि ब्रदर' म्हणत. मग त्याची साखर वाढली. तिने एकदा स्वयंपाकघरात त्याला स्टुलावर पाय ठेवून डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा दोरा तळव्याला टोचत विचारलं, "आता लागतंय? आता?" तो भलत्याच वेळी हो म्हणत होता. ब्रेक कुठला आणि किती दाबला, हे ज्या पायाला कळत नाही त्याने गाडी चालवायची नसते. तिने तसं सांगितलं. दादाने हुज्जत घातली नाही. चावी आणून तिच्या हातात दिली. मात्र तेव्हापासून गाडीचं धुणंपुसणं, हवा, पाणी, ऑइल यात तो अधिकच जीव घालायला लागला. तिने त्या भानगडीत पडू नये, असा त्याचा दंडक होता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो पायरीवर बसला होता. टेम्पोवाल्याने बातमी आधीच पोचवली होती.

"तुला काही झालं नाही ना?"

"मला काय होतंय. इंजिनही ठीक आहे. तो प्लग वाईट निघाला दादा. वस्ताद म्हणाला, असले लावूच नयेत."

"आण बघू."

नाही म्हणायला कारण सापडेना. तिने फडकं पुढे केलं. दादाने प्लग हातात घेतला, उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले. अंगठा आट्यांवरून फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मग त्याने तो उचलून खालच्या ओठाला लावला आणि हळूहळू फिरवला.

"काय करतोयस हे?"

"ओठाला अजून कळतं," दादा म्हणाला.

सिस्टर पर्स खांद्यावरच ठेवून उभी राहिली. रोज दहा जणांचे हातपाय चाचपणारी बाई ती. घरातल्या माणसाचे पाय तिने तपासले होते, हात तपासले नव्हते. बटणांचे सदरे सोडून त्याने गळ्यातून घालायचे बनियनसारखे शर्ट घ्यायला सुरुवात केली, तेव्हाही ती 'शोभतात हो' म्हणून मोकळी झाली होती.

"तिरका गेलाय," दादा म्हणाला. "वस्तादला कळल्याशिवाय राहिलं नसेल."

"तो म्हणाला, माल हलका—"

"तू सांगितलंस म्हणून म्हणाला."

तिने पर्स खाली ठेवली.

"बोटं कधीपासून अशी आहेत?"

"झाले दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीस? मी कोण आहे रे या घरात? लोकांच्या घरी जाऊन विचारत फिरते, मुंग्या येतात का, बधिर वाटतं का. आणि माझा भाऊ ओठानं आटे मोजतोय!" तिचा आवाज चढला. "चढावर होते मी दादा. मागे टेम्पो होता."

दादाने मान खाली घातली. प्लग त्याने दोन तळव्यांत धरला.

"पाय सांगितले तर तू गाडी काढून घेतलीस," तो अगदी हळू म्हणाला. "हात सांगितले असते तर काय घेतलं असतंस?"

सिस्टरचा राग होता तिथेच विरघळला. ती आत गेली, हात धुतले, भाताला आधण ठेवलं. जेवताना दोघं पाण्याचा तांब्या पुढे करण्यापुरतंच बोलली. आवरून झाल्यावर दादाच म्हणाला, "तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं, हाच विचार सकाळपासून करतोय. तो टेम्पोवाला सांगून गेला तेव्हा पायातलं बळच गेलं माझ्या."

"पायातलं कळलं म्हणजे?" ती म्हणाली.

त्याला हसू आलं. मग तिलाही.

वस्तादने चेंबरला नवे आटे पाडून जरा मोठ्या मापाचा साधा बोल्ट बसवला आणि गाडी दिली. आटे पाडताना पडलेला कीस धुण्यापुरतं हलकं ऑइल आत घातलंय, एक-दोन फेऱ्या मारून ते काढून टाका आणि चांगलं भरा, असं त्याने बजावलं. सुटीच्या सकाळी सिस्टर चावी घेऊन निघाली.

"कुठे?" दादाने विचारलं.

"वस्तादकडे. ऑइल बदलायचंय ना."

"त्याच्याकडे कशाला? तू आहेस की."

"मी?"

"माणसांना नळ्या घालतेस. गाडीचा एक बोल्ट नाही काढता येणार?"

तिला वाटलं, तो चेष्टा करतोय. पण तो जुनी चादर आणि पान्यांची पेटी घेऊन अंगणात पोचलाही होता. पुढची चाकं ठोकळ्यांवर चढवून झाली, मागच्या चाकांना दगड लागले, आणि या वयात सिस्टर आयुष्यात पहिल्यांदा गाडीखाली उताणी शिरली. दादा तिच्या पायांशी बुटक्या स्टुलावर बसला.

"डोळ्यांत जाईल हां. तोंड बाजूला. पाना नीट बसला का? मग झटका दे. ओढू नकोस, झटका."

बोल्ट सुटला, काळं ऑइल घमेल्यात पडलं, थोडं तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. "शी!" ती म्हणाली.

"पू चालतो, हे चालत नाही?" वरून आवाज आला.

धार संपून थेंब झाले, थेंबही थांबले. तिने बोल्ट पुसला, नवा वायसर चढवला.

"आता पान्याला शिवायचं नाही. नुसती बोटं. आधी उलटा फिरव."

"उलटा कशाला?"

"फिरव तर. आटा आट्यात पडतो, तेव्हा बारीकसं टक् होतं. ऐकू येत नाही, बोटांत होतं."

तिने डोळे मिटले. उलटा फिरवत राहिली. आणि झालं. एवढुसं, नाडी पहिल्यांदा सापडावी तसं.

"झालं दादा!"

"झालं ना?" दादा स्टुलावरून पुढे वाकला. "तेच ते. आता सुलटा. गुळगुळीत जातोय?"

"लोण्यासारखा."

"मग पाना. टेकला की थोडंसंच पुढे. जोर लावू नकोस... बस. बस म्हटलं ना."

ती बाहेर आली तेव्हा केसांत माती होती आणि गालावर काळा पट्टा. दादाने सांगितलं तसं तिने नवं ऑइल भरलं, इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं, बंद केलं. दादा स्टुलावरून कष्टाने उतरला, गुडघे टेकले, आडवा झाला आणि इतकी वर्षं करत आला तसा हात आत घालून बोल्टच्या खालून बोट फिरवलं. बाहेर काढून बोटाकडे पाहिलं. अंगठ्यावर घासलं, ओलं की कोरडं ते कळेना. मग तो हात त्याने तिच्यापुढे धरला.

सिस्टरने त्याचं बोट आपल्या चिमटीत घेऊन चोळून पाहिलं.

"कोरडं आहे."

"नक्की?"

"नक्की."

दादाने मान हलवली. खाली पडलेलं फडकं उचललं आणि ते कोरडं बोट शांतपणे, टोकापासून मुळापर्यंत, पुसून काढलं.