'नाही'चा जबाब

लिफ्ट दुरुस्त करण्यात काकांचा हात धरणारं कंपनीत कोणी नव्हतं. पण नव्या लिफ्ट निघाल्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, आणि साहेबांनी फर्मावलं, प्रोग्रॅमिंगचा ऑनलाइन वर्ग पुरा करा, नाहीतर गोदामात बसा. एकतीस वर्षं लिफ्टच्या टपावर चढलेला माणूस, तो गोदामात बसून नटबोल्ट निवडणार! काकांच्या अगदी जिवावर आलं.

बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं. कामावरून आलं की कपडे बदलायचे, लॅपटॉपपुढे बसायचं आणि आपल्याच चुका निस्तरायच्या. अडलं तर विचारणार कोणाला, भिंतीला? वर्गातली बाकीची पोरं भराभर पुढे गेली आणि काका तिसऱ्या धड्यातच गटांगळ्या खात राहिले.

धडा तसा सोपा होता. प्रोग्रॅमनं एक प्रश्न विचारायचा आणि येईल त्या उत्तराला जबाब द्यायचा. काकांनी प्रश्न घातला, 'जेवलात का?' उत्तर 'हो' आलं की 'बरं झालं.' संपलं. वर्गाच्या सरांनी तो प्रोग्रॅम तीनदा परत पाठवला. "'नाही' लिहिलं की तुमचा प्रोग्रॅम गप्प बसतो," त्यांनी कळवलं.

काकांनी उलट लिहिलं, "सर, 'नाही' असं कोणी म्हणतच नाही." आता बोला!

सरांचं उत्तर आलं, "आणि म्हटलं तर? रविवार संध्याकाळपर्यंत द्या, नाहीतर नाव कमी होईल."

रविवारी दुपारी काकांनी हात टेकले. गोदाम तर गोदाम. लॅपटॉप मिटला, तेवढ्यात लेकीचा फोन आला. लेक परगावी, रविवारचा तेवढा फोन करायची.

"जेवलात का, बाबा?"

दोन वर्षं काका न चुकता 'हो' म्हणत आले होते, जेवलेले असोत वा नसोत. त्या दिवशी खोटं बोलायचंही त्राण नव्हतं.

"नाही गं."

लेक म्हणाली, "ताट वाढून घ्या. तुमचं होईपर्यंत मी आहे."

काका जेवले. शेवटच्या घासापर्यंत लेक फोनवर होती. मग लॅपटॉप उघडला आणि 'नाही'च्या पुढे लेकीचे शब्द जसेच्या तसे उतरवले. सरांनी तासाभरात पास केलं.

सोमवारी कामावरून आल्यावर चौथा धडा सुरू करायचा होता. काकांनी आधी तिसराच चालवला. प्रश्न आला. काकांनी 'नाही' लिहिलं, पडद्यावरची ओळ दोनदा वाचली आणि उठून ताट वाढून घेतलं.