कानाला लावायचा स्क्रू ड्रायव्हर

मित्रांनो, मी एक जुना, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर आहे. आयुष्यात मी फार तर शंभर स्क्रू फिरवले असतील, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. माझे काम ऐकण्याचे.

खोटे वाटते ना? कारखान्यात माझ्या पोलादी दांड्याला लाकडी मूठ बसवली तेव्हा मलाही हे ठाऊक नव्हते. तिथून माझी रवानगी थेट नौदलाच्या एका जहाजावर, इंजिनरूममध्ये झाली. तिथे आवाज एवढा, की शेजारच्या माणसाशीही हातवारे करून बोलावे लागे. एके दिवशी एक काटकुळा, नवखा खलाशी कामावर आला. त्याच्या वरिष्ठाने माझे टोक चालत्या पंपावर टेकवले, मूठ त्याच्या कानामागच्या हाडावर दाबली आणि ओरडून सांगितले, "आधी ऐकायचं, मग उघडायचं!"

पंपाची थरथर माझ्यातून त्या खलाशाच्या हाडात गेली. आतले बेअरिंग, म्हणजे पोलादी गोळ्यांचे कडे, धड असले की एकसारखी गुणगुण येते आणि बिघडू लागले की खरखर. त्याचे डोळे लकाकले. त्या दिवसापासून आमची जोडी जमली, ती वीस वर्षे. पुढे सगळे त्यांना साहेब म्हणू लागले, म्हणून मीही म्हणतो.

साहेब नौदलातून निवृत्त झाले तेव्हा सोबत्यांनी त्यांना भेट म्हणून मलाच दिले. मग ते गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस मॅनेजर झाले आणि मी त्यांच्या खुर्चीमागच्या खिळ्यावर लटकू लागलो. गिऱ्हाइके येत आणि गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवत. कुणी कुईं कुईं करी, कुणी खडाड खुड. मेकॅनिक तोंड फिरवून हसत. साहेब मात्र गंभीरपणे विचारत, "वळताना, की ब्रेक मारताना?" मग मला घेऊन उठत. आमचे निदान चुकले असे क्वचितच झाले. थोडी बढाई मारतो आहे, पण मारू द्या!

साहेब तिथूनही निवृत्त झाले आणि माझ्यावर संकट आले. मेकॅनिकांनी मला घासूनपुसून चकचकीत केले, मुठीवर जाड, मऊ, लाल रबर चढवले आणि काचेच्या पेटीत घालून साहेबांना दिले. प्रेमानेच दिले हो! मी दिवाणखान्याच्या भिंतीवर गेलो आणि साहेब आरामखुर्चीत. इंजिनरूमच्या गोंगाटाने त्यांचे कान अधू झाले होते. जो तो त्यांना म्हणे, "तुम्ही आता फक्त आराम करा." आम्ही दोघे एकमेकांकडे बघत बसायचो. फार वाईट दिवस होते ते.

त्यांची लेक तोवर त्याच वर्कशॉपची सर्व्हिस मॅनेजर झाली होती. एका दुपारी ती जेवायला आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "काय झालं गं?" साहेबांनी विचारले.

"अ‍ॅम्ब्युलन्स आलीय, बाबा," ती त्यांच्या कानाशी मोठ्याने बोलली. "चढावर आवाज करते. कॉम्प्युटर म्हणतो, सगळं ठीक आहे. चार वाजता न्यायला येतायत. पेशंट घेऊन वाटेत बंद पडली तर?"

साहेब उठले. त्यांनी पेटी उघडून मला बाहेर काढले.

वर्कशॉपमध्ये अ‍ॅम्ब्युलन्सचे इंजिन चालू केले. साहेबांनी माझे टोक टेकवले, मूठ कानामागे दाबली. काही नाही. जागा बदलली. तरी काही नाही. त्यांचा चेहरा उतरला. "कान गेले गं माझे. आता मी काही कामाचा नाही."

मित्रांनो, माझा जीव तीळतीळ तुटला. साहेबांचे कान अधू होते खरे, पण त्या क्षणी ठार बहिरा झालो होतो मी! थरथर दांड्यातून वर येई आणि त्या मेल्या रबरात जिरून जाई. आयुष्यभर ऐकत आलो. बोलता येत असते तर तेव्हा बोंब ठोकली असती.

लेकीने मला त्यांच्या हातातून घेतले. तिचा अंगठा रबरात रुतला आणि ती थबकली. "बाबा, थांबा. हे रबर तुमच्या वेळी कुठं होतं?" तिने ब्लेड घेऊन रबर सरळ उभे चिरले. तिथल्या एका जुन्या मेकॅनिकने जीभ चावली. "मीच चढवलं होतं ते."

लाकूड मोकळे झाले. या वेळी थरथर थेट कवटीच्या हाडात जावी म्हणून साहेबांनी मूठ चक्क दातांत धरली आणि डोळे मिटले. एका जागी गुणगुण. दुसरीकडेही गुणगुण. मग टोक पाण्याच्या पंपावर आले, आणि ती आली! खरखर! साहेब इंजिनरूममध्ये ओरडत तसे ओरडले, "पाण्याचा पंप! बेअरिंग संपलंय! आता उघडा!"

उघडले, तर आतल्या गोळ्यांचा पार भुगा झालेला. चार वाजता अ‍ॅम्ब्युलन्स नवा पंप घेऊन गुणगुणत निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या साहेबांना नीट ऐकू येईनात. तेव्हा मेकॅनिकांनी हातातले पाने लोखंडी टेबलावर बडवले. साहेबांनी टेबलावर तळहात ठेवला आणि ते खुदकन हसले.

त्यानंतर चार वर्षे आम्ही रोज तासभर वर्कशॉपमध्ये जात होतो. गेल्या वर्षी साहेब गेले. त्यांच्या आठवणीसाठी सगळे तिथेच जमले. दोन मिनिटे शांत उभे राहायचे ठरले होते, पण त्या जुन्या मेकॅनिकाला राहवेना. त्याने पाना उचलून टेबलावर बडवला. मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. मी त्याच टेबलावर होतो. असा थरथरलो म्हणून सांगू!

तेव्हा मित्रांनो, म्हाताऱ्या हत्यारांना पुसा, तेल लावा, आणि हातात घ्या. म्हाताऱ्या माणसांनाही नुसते मऊ मऊ गुंडाळून ठेवू नका, त्यांना काहीतरी विचारा. माझ्या मुठीवर साहेबांच्या दातांचे व्रण आहेत. लेक कुणालाही ते घासू देत नाही. आता मी तिच्या खुर्चीमागच्या खिळ्यावर असतो, आणि तिला माझ्यातून सगळे स्वच्छ ऐकू येते.