दुसरं सूप

गुलाबीच्या ओसरीवर आज विड्या वळायची दोन सुपं होती. जुनं तिच्या मांडीवर, आणि कोरं, हिरवट बांबूचं, तिच्या मुलीच्या, रक्षिताच्या.

मी पायरीवरच उभी राहिले. रक्षिताच्या तळव्याला पट्टी होती, तरी कात्री चालत होती. पत्र्याचं माप पानावर ठेवायचं, कापायचं, पुढचं पान. सोमवारपासून दहावीची सहामाही होती.

गेल्या आठवड्यात तिघी शाळा बुडवून एका स्कूटरवरून समुद्रावर गेल्या. समोरच्या डॉक्टरांची निधी, माझी श्राव्या आणि ही. वाळूत चाक घसरलं, एका मासेवालीची टोपली उलटली, तिघी पडल्या. डॉक्टरांनी मासेवालीची समजूत काढली, या वयात होतंच म्हणून हसले आणि निधीला हेल्मेट आणून दिलं. मी श्राव्याचा फोन काढून घेतला, शिकवणी वाढवली. ती न्हाणीघरात जरा रेंगाळली तरी दार वाजवते. गुलाबीने रक्षिताची शाळा बंद केली.

स्कूटर रक्षिताच चालवत होती, असं गल्लीत झालं. तिने नाही म्हटलं नाही. श्राव्याच्या दोन्ही तळहातांना हँडलच्या रबराचा काळा रंग होता, तो मी त्याच दिवशी साबणाने धुतला होता. विचारलं काहीच नव्हतं. काल ती जेवता जेवता आपणहून म्हणाली, "अम्मा, चालवत मी होते."

"बसा की अक्का," गुलाबी म्हणाली. "कंत्राटदाराकडे जायचंय तासाभरात. हिच्या हातच्या पहिल्या विड्या."

सकाळपासून जुळवलेली वाक्यं उलटसुलट बाहेर पडली. रक्षिताची कात्री थांबली.

गुलाबीने हातातल्या विडीला दोरा गुंडाळून पुरा केला. "ठाऊक आहे मला. हिला कुठली स्कूटर येते? घरात सायकलसुद्धा नाही."

"मग शाळा का बंद केलीस?"

"कोण चालवत होतं ते पोलीस विचारतात, गल्ली नाही विचारत. तुमची पडली तर मुलगी पडली. माझी पडली की मुलगी वाया गेली. उद्या आणखी काही झालं तर मी कोणाची समजूत काढू, आणि कशाने? मांडीवर सूप असलं की पोरगी जागची उठत नाही."

"मी सांगते सगळ्यांना. श्राव्या चालवत होती म्हणून."

रक्षिताने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. गुलाबीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सांगाल? सांगा मग. तुम्ही सांगितलंत तर सोमवारी पाठवते हिला. डॉक्टरीणबाई फाटकातच आहेत बघा."

मी पायऱ्या उतरले. गल्ली अशी किती रुंद, दहा पावलं. मागून कात्रीचा आवाज येत नव्हता.

"काय हो, श्राव्या बरी आहे ना?" फाटकातून डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "त्या पोरीच्या नादाने उगीच आपल्या मुलींना लागलं."

मी तोंड उघडलं.

"बरी आहे," मी म्हटलं.

मागे कात्री पुन्हा चालू लागली.