उडीचा पत्ता

बारावीच्या वर्षात लातूरची लेकरं चालत नाहीत, या क्लासमधून त्या क्लासला पळतात. मंजुश्री सगळ्यांसारखी पळायची, पण एका जागी टेकायची काही नाही. वर्गात शिरली की आधी भिंतीला तळहात लावून दारापर्यंत जाऊन यायची, मग बाकावर बसायची, तेही दाराजवळच्या. भूकंपाला साडेसात वर्षं होत आली तरी ही खोड सुटली नव्हती. वडील मलप्पा किल्लारीकडचं गाव सोडून लातुरात आले होते, किराणा दुकान टाकून बसले होते. पोरीच्या या खोडीवर त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

कॉम्प्युटर सायन्स घेतलं ते मंजुश्रीच्या हट्टानं. मलप्पांनी अट घातली, "मार्क पडले तर नांदेडला इंजिनिअरिंगला जा. न्हाई पडले तर हितंच डी.एड. कर." तेव्हापासून ती अट तिला उठता-बसता टोचत होती.

क्लास शरदचंद्र सरांचा, कॉलेजातही तेच शिकवायचे. माणूस भला, घसा बसेपर्यंत शिकवायचा. पण भूकंपानं घरदार नेलं तेव्हापासून सरांच्या मनानं एकच घेतलं होतं, की जे पाठ आहे तेच आपलं, ते कुणी नेत नाही. त्यांच्या नोट्समध्ये ८०८५ नावाच्या मायक्रोप्रोसेसरचे चाळीस प्रोग्राम होते. असेंब्ली भाषेतली ओळ, आणि शेजारी किटवर, म्हणजे बटणं असलेल्या सरावाच्या यंत्रावर, दाबायचा तिचा कोड. पोरं ते कोड पाढ्यांसारखे घोकायची. सी-टू, झिरो-सेव्हन, सी-झिरो. कॉलेजात किट दोन आणि पोरं साठ. तीन मिनिटांच्या पाळीत कुणी समजून काय घ्यावं?

"सर, हे शेवटचं सी-झिरो काय हाय?" मंजुश्रीनं एकदा विचारलं.

"उडीचा पत्ता. पुढच्या फेरीसाठी प्रोग्राम जिथं उडी मारतो, ती जागा."

"पण तीच जागा का?"

"परीक्षेत विचारतात का ते? मग बस खाली."

ती बसली, पण तिला चैन पडेना. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरवर तिनं सी-प्लस-प्लसमध्ये स्वतःचा खोटा ८०८५ बनवायला घेतला. एक कोड वाचायचा, रजिस्टर म्हणतात त्या खोट्या खणात आकडा ठेवायचा, एन्टर दाबलं की एक पाऊल पुढं. खरं किट नुसतं उत्तर सांगायचं, हिच्या यंत्राच्या पोटातलं सगळं दिसायचं. फक्त मेमरीसाठी चौसष्ट हजार घरं मागितली की कॉम्प्युटर हात वर करायचा. मग तिनं शून्यापासूनच्या अडीचशे घरांवर भागवलं. त्यात सरांचा पाठ केलेला प्रोग्राम घातला, आणि पहिल्याच फेरीत तो नसलेल्या घरात उडी मारून बसला. दोन दिवस ती त्यापुढं डोकं धरून बसली. मग उमगलं, की कॉलेजच्या किटची मेमरी सी-झिरो-झिरो-झिरोपासून सुरू होते म्हणून पत्त्यात सी-झिरो. जागा बदलली की उडीही बदलावी लागते.

एखादी पोर आनंदानं नाचली असती. ही इन्स्टिट्यूटमधून उठली आणि भर दुपारी गंजगोलाईच्या गोल बाजाराला फेऱ्या मारत राहिली. तिला आई आठवली होती. पार्वतम्मा अकरा वर्षं जुन्या घरात नांदली, आणि भूकंपाच्या महिनाभर आधी बिऱ्हाड शेजारच्या घरात हललं. जुन्या घराचं दार डावीकडं होतं, नव्याचं उजवीकडं. अंधारात जमीन हलली तेव्हा आई सवयीनं डावीकडं धावली. तिथं भिंत होती. दहा वर्षांची मंजुश्री चाचपत उजवीकडून अंगणात आली आणि नुसती उभी राहिली. "आई, दार हिकडं हाय," एवढंच ओरडायचं होतं. तिच्या तोंडून आवाज फुटला नाही. हे तिनं मलप्पांनाही कधी सांगितलं नव्हतं.

प्रॅक्टिकलच्या आठवड्यातच कॉलेजची दोन्ही किट बिघडली. परीक्षक देविका मॅडम नांदेडहून आपली दोन किट घेऊन आल्या. पहिल्या जोडीत मंजुश्री आणि वर्गात कायम पहिली येणारी मृण्मयी.

"या किटची मेमरी टू-झिरो-झिरो-झिरोपासून आहे, प्रोग्राम तिथून टाका," मॅडम म्हणाल्या. "आणि बाहेर जाऊन कुणाला एक शब्द जरी सांगितला, तर प्रॅक्टिकल रद्द समजा."

दहा आकड्यांची बेरीज आली होती. मृण्मयीची बोटं टपाटप पडत होती. सी-टू, झिरो-सेव्हन, सी-झिरो. पाठ होतं तेच, जसंच्या तसं. मंजुश्री एकेक पत्ता बोटावर मोजत सी-झिरोच्या जागी टू-झिरो टाकत गेली. तिच्या किटवर बरोबर उत्तर उमटलं. मृण्मयीचं किट गप्पच झालं. तिनं दोनदा तेच परत टाकलं, आणि वेळ संपल्यावर डोळे पुसत निघून गेली. आपलं काय चुकलं, हे तिला कळलंच नव्हतं.

मंजुश्री बाहेर आली. व्हरांड्यात अठ्ठावन्न पोरं रांगेत उभी, ओठ हलत होते, सी-टू, झिरो-सेव्हन, सी-झिरो. शरदचंद्र सर रांगेजवळून फिरत धीर देत होते, "पाठ आहे तसंच टाका. घाबरू नका."

तिनं भिंतीला हात लावला. उत्तर आलं होतं, मार्क पदरात पडल्यात जमा होते, नांदेड हाताशी होतं. फाटक समोर होतं. सरांनी तिचा चेहरा पाहिला आणि जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "झालं ना तुझं? मग गप घरी जा. मॅडम कडक आहेत."

तिनं भिंतीवरचा हात काढला.

"पत्ता बदललाय," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला. "ऐका. जिथं जिथं सी-झिरो हाय, तिथं तिथं टू-झिरो टाका."

रांग तिच्याकडं वळली. काहींनी सरांकडं पाहिलं. आत मॅडमनी खुर्ची मागं सारल्याचा आवाज आला, आणि चपला दाराकडं येऊ लागल्या. मंजुश्रीनं तेच पुन्हा सांगितलं, शेवटच्या पोराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.