तोफ आणि तिसरी रांग

उष्मागतिकी शिकवणाऱ्या सरांना विद्यार्थी ‘तोफ’ म्हणत. त्यांचा तास सुरू असला की आवाज खाली जिन्यापर्यंत यायचा. विषयावर हुकूमत अशी की टिपणाचा कागद कधी हातात दिसला नाही. तरी त्या सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनी शिक्षकांबद्दल जे अभिप्राय दिले, त्यात सरांचा नंबर विभागात शेवटचा लागला. ‘सर प्रश्नांकडे कानाडोळा करतात’, ‘काही विचारलं की थट्टेवारी नेतात’ असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं.

विभागप्रमुख सरांचीच जुनी विद्यार्थिनी. तिने अवघडत विषय काढला. “सर, एकदा विकास केंद्रात जाऊन या ना. शिक्षा वगैरे नाही ही.”

“पिकल्या पानाला हिरवा रंग देतात का तिथे?” सर म्हणाले. पण गेले.

विद्यापीठाचं अध्यापक विकास केंद्र म्हणजे ग्रंथालयाच्या वरच्या दोन खोल्या. तिथल्या सल्लागार बाई पूर्वी संख्याशास्त्र शिकवायच्या. नव्या अध्यापकांची भीड चेपणं, बढतीचे अर्ज नीट लिहून घेणं, आणि एखाद्याच्या तासाला मागे बसून काय दिसलं ते त्याचं त्याला सांगणं, हे आता त्यांचं काम होतं.

“बसा हवं तर,” सर म्हणाले. “पण मध्ये बोलायचं नाही.”

बाई शेवटच्या बाकावर बसल्या. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते आणि लिहिता लिहिता बोलत होते. श्वास घ्यायला थांबावं तेवढंही थांबत नव्हते. तास निम्मा झाल्यावर तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, “सर, इथे दाब स्थिर का धरला?”

“पुसतो, पुसतो. घाई काय आहे?” असं म्हणून सरांनी डावीकडचा फळा पुसून टाकला.

वर्ग हसला. मुलीने पेन खाली ठेवलं.

तासानंतर दोघं केंद्रात आले. बाई कोपऱ्यातल्या किटलीत पाणी भरू लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “चहात साखर चालेल ना?” उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. सर कपाटातल्या पुस्तकांची नावं वाचत होते. बाई वळल्या तसे ते म्हणाले, “हं, काय काय चुकलं आमचं?”

बाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. “सर, मी आत्ता दोनदा तुम्हाला साखरेचं विचारलं.”

“लक्ष नव्हतं.”

“आणि त्या मुलीने फळा पुसायला सांगितलं नव्हतं. दाब स्थिर का धरला, असं विचारलं होतं.”

सरांचा चेहरा कडक झाला. “शिकवण्याबद्दल काय ते बोला. कानाच्या डॉक्टर आहात का तुम्ही?” चहा न घेताच ते निघून गेले.

घरी त्यांनी बायकोला हे सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. “त्या बाईंना एका तासात कळलं. मी दोन वर्षं बोंबलतेय.”

“हळू बोल. शेजारी ऐकतील.”

“हळू बोलले तर तुम्ही ऐकणार आहात का?”

त्यावर सरांना हसू आलं.

आठवड्याने ते आपणहून केंद्रात आले. दार त्यांनीच लावून घेतलं.

“माहीत होतं मला,” ते म्हणाले. “एकदा प्रश्न कळला नाही म्हणून अंदाजाने उत्तर दिलं. पोरं हसली. तेव्हाच ठरवलं, प्रश्नाला जागाच ठेवायची नाही. तास ठासून भरायचा. आगाऊ म्हटलं तर चालेल, बहिरा म्हणायला नको.”

“का?”

“बहिऱ्या मास्तराला घरी बसवतात.”

“कुणाला बसवलेलं पाहिलंत?”

सरांनी विचार केला. त्यांना एकही नाव आठवलं नाही. मग त्यांनी विचारलं, “प्रमुखांना काय कळवणार तुम्ही?”

“तुम्ही येऊन गेलात, एवढंच. बाकी झाकली मूठ. ती उघडायची की नाही ते तुम्ही ठरवा.”

पुढच्या तासाला सर फळ्याकडे वळलेच नाहीत. वर्गाकडे तोंड करून म्हणाले, “मला नीट ऐकू येत नाही. तुमच्या प्रश्नांना मी वाट्टेल ती उत्तरं दिली, ती थट्टा नव्हती. आता विचारायचं असेल तर हात वर करा. मी जवळ येतो.”

त्या दिवशी कुणीच हात वर केला नाही. नंतरच्या तासालाही नाही. मग एके दिवशी अगदी मागच्या एका मुलाने केला. म्हातारा खरंच येतो का, हे बघायला. सर पायऱ्या चढून त्याच्या बाकाशी आले आणि वाकून उभे राहिले. मुलाची बोबडी वळली, कारण विचारायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्याची फजिती बघून शेजारच्या मुलीने घाईघाईने स्वतःचा प्रश्न पुढे केला. सरांनी तो तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला. उत्तर देता देता ते मध्येच थांबले आणि म्हणाले, “हे मलाही बघावं लागेल.” ते परत खाली पोहोचेपर्यंत आणखी तीन हात वर झाले होते.

सरांनी कानाचं यंत्र घेतलं. पंख्यांची घरघर आणि बाक सरकल्याचा आवाज त्यात इतका मोठा यायचा की पहिले काही दिवस ते डोकं धरून घरी येत. वर्गात ते यंत्र घालत आणि घरी आल्या आल्या काढून ठेवत. बायको म्हणे, “बायकोचं ऐकायला यंत्र नको, पोरांचं ऐकायला हवं.”

सत्राअखेरच्या अभिप्रायांत त्यांचा नंबर मधेच कुठेतरी आला. काहींनी लिहिलं होतं की सर आता फार सावकाश शिकवतात. विभागप्रमुखाने त्यांना बोलावून घेतलं. यंत्राच्या बाजूने बोलण्याची तिला एव्हाना सवय झाली होती.

“सर, अभ्यासक्रमातली दोन प्रकरणं राहिली.”

“राहिली खरी. पोरं विचारत बसली.”

“मग कसं करायचं?”

सरांनी शनिवारी जादा तास लावले. निम्मा वर्ग आला. तेवढ्यांना घेऊन त्यांनी दोन्ही प्रकरणं संपवली.