चव न घेता

कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा सुरीच्या टोकावर लोंबकळत राहिला, आणि दीपमालाला वाटलं, हा असाच ओढत गेलं तर संपायचाच नाही... तिनं तो झटकला. जरा जोरातच.

"आई, पास्ता वेगळा उकळायचा नाही हं," सृष्टी मोबाईलमध्ये बघत म्हणाली. "सगळं एकाच पातेल्यात. पटकन होतं."

एकाच पातेल्यात — म्हणजे मोरीजवळच्या फळीवरच्या, देव्हाऱ्यापासून लांब ठेवलेल्या त्या पातेल्यात. लसणावर कोळंबी पडली, गुलाबी होऊ लागली, आणि वासासरशी सांगलीकडचं माहेर समोर आलं: आप्पा कृष्णेवरून आणायचे ती बारीक कोळंबी, आई परतत असतानाच मूठभर पळवणारी आपण... धैर्यशील सीमेवर गेला तेव्हा देवाला द्यायचं तरी काय, तर सगळ्यात आवडतं तेच. हे सुखरूप परत येईपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही.

तो आला. गुडघा दुखवून, पेन्शन घेऊन, पण आला. त्यालाही पाडवा उलटून गेला. व्रत सोडायचं तर उद्यापन हवं, आणि उद्यापनाला जोडीनं बसायला हवं — दोन पाट, शेजारी शेजारी. तिनं ते कितीदा पुसून ठेवले. "बघू की पुढच्या म्हैन्यात. देव काय पळून चाललाय व्हय?" असं म्हणून तो हसायचा, आणि सगळ्या गल्लीत मवाळ म्हणून नावाजलेली तीही हसायची. ओठ मिटून.

टोमॅटो, पाणी, कच्चा पास्ता. रटरट सुरू झाली.

"मीठ बघितलंस का गं?" बाहेरून त्याचा आवाज. "मागच्या खेपेला अळणी झालं हुतं."

पळी थांबली. मीठ... कुणी बघायचं? इतकी वर्षं या घरात मासळी शिजतेय ती नुसत्या वासावर, अंदाजावर, एक थेंब जिभेला न लावता — आणि ज्याच्यासाठी, त्यालाच आठवत नाही.

"तुम्हीच बघा," ती म्हणाली. इतकं हळू, की सृष्टीनं मान वर केली आणि गुपचूप बाहेर गेली.

धैर्यशील दारात आला. तिच्या तोंडाकडे बघून त्याला उमजलं असावं. त्यानं चमचा घेतला, पण तोंडाशी नेला नाही.

"कधी बसणार जोडीनं? पुढचा महिना सांगू नका."

तो पातेल्याकडेच बघत राहिला. नाथाजी त्याच्या पलटणीतला, लोणंदचा. तिरंग्यात गुंडाळून आलेला. "नाथाजीच्या बायकोनं बी सोडलं हुतं," तो म्हणाला. "मटण. त्यो येईस्तोवर. मी पाटावर बसून काय म्हणू गं? तिचं चुकलं म्हणू?"

चमचा ओट्यावर ठेवून तो गेला.

राग कसा इतके महिने सरळ चालला होता, वाट ठाऊक असल्यासारखा, त्याच्याच दिशेनं... आता मध्येच थबकला, वळला, आणि देव्हाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. ती घाबरली. मागे फिर, असं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. फिरेना.

सांजवात लावायची वेळ झाली होती. हाताला कोळंबीचा वास. रोज कोपरापर्यंत साबण लावून धुतल्याशिवाय ती वातीला शिवत नसे. नळ समोर होता. तिनं तो सोडला नाही.

तिचं काय कमी पडलं होतं रे? सांग मला.

तसेच न धुतलेले, वासाचे हात घेऊन ती देवासमोर उभी राहिली, आणि मागे पातेल्यात पाणी आटत चाललं होतं.